कोल्ह्याची द्राक्षं

निफाड तालुक्यातल्या माणसाला द्राक्षाची चव कुणी शिकवू नये, असा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. मी चालायला शिकले ती बागेतल्या मांडवाखाली. पाढ्यांच्या आधी मला ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचं माप, हा शब्द येत होता म्हणे (हे आईचं, आई वाढवून सांगते). व्यापारी बागेत आला की खिशातून दुर्बिणीसारखं ते छोटं यंत्र काढायचा, मणी चुरडून त्यावर रसाचा थेंब टाकायचा आणि एक डोळा मिटून आकडा सांगायचा. अठरा. एकोणीस. नानांनी तोवर एक मणी तोंडात टाकून आकडा बोललेला असायचा, आणि अर्ध्या पॉइंटाच्या वर ते क्वचितच चुकायचे.

अशा घरातली मी. कंपनीने दोन वर्षांसाठी अमेरिकेत रॉचेस्टरला पाठवलं, तिथल्या ऑफिसच्या व्हेंडिंग मशीनमधून एक जांभळा डबा धाडकन खाली पडला, त्यावर द्राक्षाच्या घडाचं चित्र दिसलं, तेव्हा मी तो जरा मालकीहक्कानेच उचलला.

पहिला घोट घेतला आणि तो तोंडात धरून तशीच उभी राहिले. गिळावा की बेसिन गाठावं? गोड तर होताच, दात शिवशिवतील इतका. पण गोडाच्या मागून एक उग्र, फुलांचा, डोक्यात चढणारा वास आला. खोकल्याचं औषध आठवलं. मग नीट आठवलं: चौथीत असताना कंपासपेटीत एक वासाचं खोडरबर होतं, जांभळं, द्राक्षाच्या आकाराचं. ते मी एकदा चावून पाहिलं होतं. तीच ही चव. म्हणजे अमेरिकन लोक माझं खोडरबर पितात, आणि त्याला द्राक्ष म्हणतात.

डब्यावरची बारीक अक्षरं वाचली. कार्बोनेटेड पाणी, मक्याचा साखरपाक, सायट्रिक आम्ल, चवी, आणि लाल ४०, निळा १ हे रंग. साडेतीनशे मिलिलिटरला चाळीस ग्रॅमांच्या वर साखर. रस नाही, असं स्वच्छ छापलेलं. निदान खोटं तरी बोलत नव्हते.

माझ्या शेजारच्या टेबलावर एक साठीला टेकलेला सहकारी बसायचा. मूळचा डेट्रॉइटचा, काळा, शांत, रोज दुपारी तोच डबा पिणारा. मी माझा डबा त्याच्यापुढे धरून हसत म्हटलं, "हे काय पिता तुम्ही लोक?" तो हसला नाही. थोडा वेळ माझ्याकडे पाहून म्हणाला, "कुठले लोक?" मला तेव्हा काहीच कळलं नाही. जांभळ्या सोड्यावरून काळ्या लोकांची टिंगल करणारे विनोद त्या देशात किती जुने आणि किती घाणेरडे आहेत, हे मला बऱ्याच महिन्यांनी समजलं. ते वाक्य आठवलं की अजून मान खाली जाते. त्याने मात्र ते धरून ठेवलं नाही. दोन दिवसांनी आपणहून सांगू लागला की लहानपणी त्याच्या घरी फेगो हे पेय यायचं. डेट्रॉइटचं. रशियातून आलेल्या दोन बेकरी चालवणाऱ्या भावांनी १९०७ मध्ये सुरू केलेलं, आणि पहिल्या चवी कुठल्या, तर केकवर जी क्रीम लावायचे त्यांच्याच: द्राक्ष, स्ट्रॉबेरी, फ्रूट पंच. उन्हाळ्यात बाटली संपली की जीभ जांभळी झाली का ते भावंडं एकमेकांना दाखवायची.

"पण द्राक्षाची चव अशी नसते," मी म्हटलं. न राहवून.

"अशीच असते," तो म्हणाला. "तुमची ती हिरवी असतात ना, त्यांनाच काही चव नसते. गोड पाणी नुसतं."

गोड पाणी! थॉमसनला, आमच्या बिनबियांच्या हिरव्या वाणाला! रात्री नानांना फोन लावला. त्यांच्याकडे सकाळ, फेब्रुवारी, काढणी चालू, मागे क्रेट आपटल्याचे आवाज.

"नाना, द्राक्षाचा सोडा पिले इथे."

"कशाचा, थॉमसनचा का काळा माल?"

"कशाचाच नाही. द्राक्षच नाही त्यात."

"मग द्राक्षाचा कसा काय?"

"वास आहे."

पलीकडे दोन क्षण शांतता. मग म्हणाले, "इथं किलोला भाव मिळंना, आणि तिकडं नुसता वास विकतेत. बरंय त्यांचं." आणि क्रेट मोजायला निघून गेले.

तो सोडा मला का पटत नव्हता, यावर मी मग जरा गंभीरपणे विचार केला. रॉचेस्टरच्या थंडीत संध्याकाळी पाचलाच अंधार पडतो. असल्या विचारांना वेळ भरपूर. एक कारण रंगात होतं. आपल्याला जांभळा हा रंगच जांभळाने दिला आहे. जांभळं पेय दिसलं की मराठी जीभ आपोआप तुरट होऊन बसते, काळं मीठ आणि काला खट्टा यांची वाट पाहते. बर्फाच्या गोळ्यावर ओततात तो काला खट्टा, यात्रेतला गोळीचा सोडा, प्लास्टिकच्या नळीतलं पेप्सीकोला, या सगळ्यांत जांभळा म्हणजे जांभूळ, फार तर कोकम. द्राक्षाचा रंग आमच्या डोक्यात पोपटी. बेदाणा झाला तरी सोनेरी-हिरवा. तिकडे उलट. तिकडे लहान मुलांच्या रंगाच्या खडूपासून औषधाच्या बाटलीपर्यंत द्राक्ष म्हणजे जांभळं, आणि कित्येकांच्या तोंडी त्या चवीचं नावच 'जांभळी' असं असतं. कशाची चव हे विचारायचं नाही, जांभळ्याची.

दुसरं कारण कळायला सप्टेंबर उजाडावा लागला.

रॉचेस्टरच्या दक्षिणेला लांबट तळ्यांचा प्रदेश आहे, हाताची बोटं पसरावीत तशी तळी, म्हणून नावही फिंगर लेक्स. त्यातल्या एका तळ्याच्या टोकाला नेपल्स नावाचं छोटं गाव आहे. सप्टेंबरअखेर तिथे द्राक्षाचा उत्सव भरतो. डेट्रॉइटवाल्या सहकाऱ्यानेच सांगितलं, "जा, बघून ये तुझी द्राक्षं." गावात रस्त्याकडेचे आगीच्या बंबाचे नळसुद्धा जांभळे रंगवलेले. पण मला गावात पोहोचायला वेळ लागला, कारण त्याआधीच, मोटारीच्या काचा खाली असताना, एका वळणावर तो वास आला.

सोड्याचा वास. उतारावरच्या वेलींतून, उघड्या हवेत.

मी गाडी बाजूला घेतली. आधी वाटलं जवळपास कारखाना असेल. कारखाना नव्हता. वेलींच्या रांगा होत्या, मोठी, जाडसर, खालून पांढुरकी पानं, आणि लहान लहान, गच्च, निळसर-काळे घड, वर पावडर धरलेले. बांधाला लागून लाकडी मांडणी, त्यावर कागदी टोपल्या, पैसे टाकायला खाच पाडलेला पत्र्याचा डबा. माणूस कुणीच नाही. आमच्याकडे असा माल रस्त्याला ठेवला तर संध्याकाळपर्यंत पत्र्याचा डबासुद्धा राहणार नाही. मी पैसे टाकले आणि एक मणी तोंडाला लावला.

साल हातात राहिली. आपण मणी चावतो तसा हा चावताच येत नाही. बोटांनी दाबला की आतला गर पुळकन सुटून जिभेवर येतो, हिरवट, बुळबुळीत, डोळ्यासारखा. आणि साल मोज्यासारखी मागे राहते. गर गोड, पण त्याच्या मधोमध आंबट, आणि त्यात दोन-तीन टपोऱ्या बिया. वास मात्र सगळा सालीत. मी साल चावली. खोडरबर! तेच खोडरबर, तोच उग्र फुलांचा वास, पण आता त्याला तुरटपणा होता, माती होती, आंबटाची धार होती. म्हणजे तो सोडा नकली नव्हता. तो एका खऱ्या द्राक्षाची, मी कधी न चाखलेल्या द्राक्षाची, बऱ्यापैकी प्रामाणिक नक्कल होता. वीस वर्षांपूर्वी मी खोडरबर चावलं तेव्हाही मी याच फळाची नक्कल चावली होती, आणि मूळ फळ पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला वेलीवर होतं.

त्याचं नाव काँकर्ड.

यावर पुढे मी बरंच वाचलं, आणि ज्या माणसाची गोष्ट सापडली तो मला नानांच्या पारावर बसवावासा वाटतो. एफ्रेम वेल्स बुल. जन्म १८०६, बॉस्टनचा. धंदा सोन्याचा वर्ख ठोकण्याचा. फुप्फुसं अधू म्हणून शहर सोडून मॅसॅच्युसेट्समधल्याच काँकर्ड गावी आला. तिथे युरोपची द्राक्षं टिकत नसत. थंडी मारायची, रोग मारायचे, आणि जी जगत ती पिकायच्या आत कडाक्याच्या थंडीने दव गोठायचं. पण कुंपणावर, झाडांवर एक रानवेल आपोआप वाढायची. तिच्या फळांना लोक 'फॉक्स ग्रेप' म्हणत. कोल्ह्याची द्राक्षं! (आपल्याकडे कोल्ह्याला ती आंबट लागली आणि तो निघून गेला, तिकडे वेल त्याच्या नावावरच केली.) बुलने १८४३ मध्ये त्या रानवेलीच्या बिया पेरल्या. आलेल्या रोपांतून निवड केली, पुन्हा पेरलं. १८४९ मध्ये एका वेलीला मनासारखा घड लागला: मोठा, गोड, लवकर पिकणारा. चार वर्षांनी त्याने तो प्रदर्शनात मांडला.

हे मी नानांना फोनवर सांगितलं तेव्हा ते बियांपाशीच अडकले. "बियापासून? द्राक्ष बियापासून कोण लावतं?" द्राक्षाच्या बीतून आईसारखी वेल येत नाही, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही माहीत आहे. प्रत्येक बी म्हणजे नवा जुगार. बुलच्या म्हणण्यानुसार त्याने आयुष्यभरात बावीस हजारांवर रोपं वाढवून पाहिली आणि त्यातली अगदी मोजकीच ठेवण्यालायक निघाली. नाना बराच वेळ गप्प होते. मग, "येडा होता. पण आपल्यातलाच."

पैसे त्याला मिळाले नाहीत. रोपवाटिकांनी एकेक वेल विकत घेतली, तिच्या काड्यांपासून हजारो केल्या, आणि तो बघत राहिला. वेलीवर हक्क सांगायची सोय कायद्यात तेव्हा नव्हतीच. १८९५ मध्ये तो गरिबीतच गेला. त्याच्या थडग्यावर एक ओळ आहे: त्याने पेरलं, कापलं दुसऱ्यांनी. ही ओळ मी नानांना सांगितली नाही. आमच्याकडे दर हंगामाला एखादा व्यापारी मालाचे पैसे न देता गायब होतो. नानांना ती फारच जवळची वाटली असती.

कापणाऱ्यांत पहिला होता एक दातांचा डॉक्टर. थॉमस वेल्च, न्यू जर्सीतल्या व्हाइनलंडचा. माळकरी म्हणावा असा पक्का मेथडिस्ट, दारूच्या थेंबाला न शिवणारा. चर्चमध्ये प्रसादाला वाईन द्यावी लागते हे त्याला खुपत होतं. उष्णता देऊन आंबणं थांबवायची पाश्चरची युक्ती नवी होती. १८६९ मध्ये वेल्चने काँकर्डचा रस बाटल्यांत भरून उकळत्या पाण्यात ठेवला आणि तो आंबला नाही. प्रसादाची वाईन म्हणून तो फारसा खपला नाही, पण मुलाने, तोही दातांचाच डॉक्टर, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात लोकांना तो पाजला आणि गाडी चालू लागली. बाप-लेक दोघेही दातांचे डॉक्टर आणि धंदा गोड रसाचा, यात मला तरी दूरदृष्टी दिसते. १९१३ मध्ये परराष्ट्रमंत्री ब्रायन यांनी परदेशी राजदूतांच्या मेजवानीत वाईनऐवजी द्राक्षाचा रस ठेवला आणि वर्तमानपत्रांना महिनाभराची चेष्टा मिळाली. मग १९२० मध्ये सगळ्या देशातच दारूबंदी आली, आणि जांभळ्या बाटल्यांना सुगीचे दिवस आले. अटलांटाचं न्यूग्रेप १९२१ चं. जॉर्जियातल्या कोलंबसचं नीहाय १९२४ चं. नावाचा अर्थ गुडघ्याएवढं, आणि जाहिरातीत बाईचा पायमोज्यातला पाय. या सगळ्यांत मला आवडलेलं नाव ग्रेपेट. आर्कान्सॉतल्या कॅम्डेन गावचं, १९३९ चं. बाटली फक्त सहा औंसांची, म्हणजे पावणेदोनशे मिलिलिटर. बाकीच्या बाटल्या मोठ्या होत असताना यांनी ती लहान आणि स्वच्छ काचेची ठेवली, म्हणजे आतला रंग उठून दिसावा. आपल्या कटिंग चहाचं गणित: थोडंच असलं की जीव लावून प्यायलं जातं.

आता वासाबद्दल. काँकर्डच्या सालीत जे दरवळतं त्यातल्या मुख्य रसायनाचं नाव मिथाइल अँथ्रॅनिलेट. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल. वास तुम्हाला ठाऊक आहे. ते आधी सापडलं नारिंगाच्या फुलांच्या तेलात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला, आणि अत्तरवाल्यांनी ते प्रयोगशाळेत बनवायलाही घेतलं. काँकर्डच्या रसात तेच आहे, हे अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या रसायनशास्त्रज्ञांनी १९२१ मध्ये दाखवून दिलं. निशिगंधात ते आहे. आणि मोगऱ्यात आहे.

हे वाचलं तेव्हा मी उठून उभी राहिले. आमच्या घरामागे हौदाला लागून आईचा मोगरा आहे. एप्रिलच्या खरड छाटणीच्या दिवसांत, बागेत सगळीकडे नुसते ओलांडे, वेलींचे आडवे हात, उघडे पडलेले असतात, काड्यांचे ढीग, धूळ, मजुरांची जेवणं, आणि संध्याकाळी हौदाशी हात धुवायला गेलं की तो वास. म्हणजे जो वास नाकाला इतका ओळखीचा होता, तोच गोडाच्या पाण्यातून जिभेवर आला तेव्हा मी त्याला औषध म्हटलं. खरं तर चूक जिभेची नव्हती. मोगरा प्यायचा असतो हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्याच रसायनाचा आणखी एक उपयोग आहे आणि तो ऐकून नाना पोट धरून हसले. पक्ष्यांना ते सोसत नाही. आपल्याला फुलासारखं लागतं, पक्ष्यांच्या तोंडात मिरचीसारखं झोंबतं. म्हणून तिकडे ते फळबागांवर फवारतात, बदकं येऊ नयेत म्हणून हिरवळींवर मारतात. आणि आमच्याकडे दर वर्षी मण्यात पाणी उतरलं की जाळ्या लावा, डबे बडवा, फटाके फोडा! "मग तो सोडाच फवारू की," नाना म्हणाले. "चार डबे घेऊन ये येताना." मुंग्या लागतील, असं मी सांगितल्यावर बेत रद्द झाला.

वाईनच्या जाणकारांना मात्र हा वास मुळीच चालत नाही. त्यांच्या भाषेत त्याला 'फॉक्सी' म्हणतात, आणि ते कौतुक नव्हे. फ्रान्सने तर गेल्या शतकात या रानवेलीच्या काही संकरांवर बंदीच घातली. गंमत अशी, की त्याच्या आधी अमेरिकेतल्याच रानवेलींनी युरोपची द्राक्षं वाचवली होती. फायलोक्झेरा नावाची मुळं खाणारी बारीक कीड अमेरिकेतून गेली, १८६० नंतर फ्रान्सच्या बागांमागून बागा वाळल्या, आणि उपाय सापडला तो असा: मूळ अमेरिकी रानवेलीचं, वर कलम युरोपच्या द्राक्षाचं. जपानी माणसाला हा वास परका वाटत नाही, कारण त्यांच्या लाडक्या क्योहो द्राक्षातही त्याच रानवेलीचं रक्त आहे. जांभळी गोळी चघळत तो बिनदिक्कत द्राक्ष म्हणतो.

आणि आम्ही? आमची थॉमसन म्हणजे अस्सल देशी, असं मी डेट्रॉइटवाल्याला मोठ्या तोऱ्यात सांगून बसले होते. तो म्हणाला, "थॉमसन हे भारतीय नाव आहे?"

तेही मग शोधावं लागलं. वाण पुराणा, इराण-तुर्कस्तानाकडचा, किशमिशचा. नाव पडलं ते विल्यम थॉमसन नावाच्या, इंग्लंडहून कॅलिफोर्नियाला आलेल्या शेतकऱ्याचं. त्याने १८७२ मध्ये पूर्वेकडच्या एका रोपवाटिकेतून तीन काड्या मागवल्या होत्या. त्यातली एकच जगली असं सांगतात. त्या एकीचा पसारा पुढे थॉमसन सीडलेस. रोपवाटिका कुठली? एलवँगर अँड बॅरी, माउंट होप अॅव्हेन्यू, रॉचेस्टर.

माउंट होप अॅव्हेन्यूवरून माझी रोजची बस जायची. रोपवाटिका केव्हाच बंद झालेली. तिच्या मालकांनी शहराला दिलेल्या जमिनीवरचा बाग तेवढा आहे, मे महिन्यात लोक तिथे लायलॅकची फुलं बघायला लोटतात. मी दोन वर्षं त्या बसच्या खिडकीला डोकं टेकून घरची आठवण काढत होते, आणि घर, म्हणजे घराचं नाव ज्यावर चालतं ती काडी, त्याच रस्त्यावरून निघाली होती. हे नानांना सांगितलं तर म्हणाले, "आणि डॉगरिज?" ते मला सुचलंच नव्हतं. आमच्या पाण्यात क्षार वाढले तेव्हा नानांनी स्वतःच्या मुळांवरची जुनी बाग काढली आणि डॉगरिजच्या खुंटावर कलमं भरली. अख्ख्या तालुक्याने भरली. डॉगरिज टेक्सासच्या रानवेलींतून निवडलेला. म्हणजे खाली टेक्सास, वर रॉचेस्टरमार्गे इराण, घड जीए या वाढीच्या संप्रेरकाच्या मगात बुडवून फुगवलेले, आणि क्रेटवर लिहायचं: नाशिकची द्राक्षं. लिहायचं तेच, आणि ते खरंही आहे. ऑक्टोबरच्या छाटणीला आमच्याकडे गोडी छाटणी म्हणतात. हा शब्द कुठल्या रोपवाटिकेतून आलेला नाही.

सोड्याशी माझं अजून पूर्ण जमलेलं नाही. शेवटच्या दिवशी डेट्रॉइटवाल्याने एक काचेची बाटली थंड करून आणली होती, दोघांनी अर्धी-अर्धी प्यायली. मी नेपल्सच्या त्या वळणाचा विचार करत प्यायले आणि तेव्हा ती बरी लागली. फळ आठवत प्यायला लागतं. ज्याने फळ पाहिलं नाही त्याच्या वाट्याला साखर आणि रंग. तो मात्र फळाबिळाचा विचार करत नव्हता. बाटली संपल्यावर त्याने जीभ बाहेर काढून दाखवली. जांभळी होती. मीही दाखवली.

परत आले ती बंगळूरच्या ऑफिसात. तिथे फळवाल्याच्या हातगाडीवर एक दिवस काळेभोर, लहान मण्यांचे घड दिसले. वास हातभर लांबून आला. बंगळूर ब्ल्यू. अमेरिकेतल्या त्याच रानवेलीच्या कुळातलं, दीडशे वर्षांपासून तिथल्या लाल मातीत वाढलेलं. काँकर्डचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ. इतकी वर्षं तो आपल्याच देशात, एका रात्रीच्या प्रवासावर होता आणि निफाडकरांना त्याचं काही नव्हतं. आमच्या लेखी तो ज्यूसवाल्यांचा माल.

फेब्रुवारीत घरी जाताना दोन किलो घेऊन गेले. काढणी चालू असलेल्या घरात बाहेरून द्राक्षं आणणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. गडी हसले. आईने पिशवी उघडली आणि म्हणाली, "अगं, हे औषधासारखं काय घमघमतंय?" नानांनी एक घड उचलून उजेडात धरला. मणी एकसारखा नाही. लांबी नाही. बी आहे. साल जाड. "एक्सपोर्टला कुत्रं विचारणार नाही ह्याला," ते म्हणाले. मग एक मणी दाबला, गर तोंडात गेला, साल बोटांत राहिली. त्यांनी सालीकडे पाहिलं, मग तीही तोंडात टाकली. चावत राहिले.

"किती?" मी विचारलं. आकडा.

नाना काही बोलले नाहीत. बियांसाठी आईने पुढे केलेल्या कागदावर त्यांनी तीन बिया टाकल्या आणि क्रेट मोजायला निघून गेले. रात्री जेवणं झाल्यावर ती पिशवी ओट्यावरच होती. सकाळी उठून पाहिलं तर कागदावर देठांचे दोन सांगाडे, बियांचा एक नीट ढीग, आणि साल एकही नाही.